दहा मिनिटांची अदलाबदल

कसबा सोनटेकच्या गायरानावर फुटबॉलची मॅच पाहायला नवखा माणूस आला, की सुरुवातीलाच बुचकळ्यात पडतो. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही गोलकीपर मैदानाच्या मध्यावर येतात, अंगातली जर्सी काढून एकमेकांना देतात आणि चक्क समोरच्या संघाच्या गोलात जाऊन उभे राहतात. संघ इथे तालमींच्या नावाने उतरतात, आणि पहिली दहा मिनिटे प्रत्येक तालमीचा गोल विरोधी तालमीचा माणूस राखतो. मग पंचाची शिट्टी होते आणि दोघे आपापल्या जागी परततात. आठ तालमींची साखळी असो की पहिल्या चारांची बाद फेरी, यातून कुणाला सूट नाही.

असे का, ते तात्या मगदुमांना विचारावे. पंचाहत्तरीचे तात्या मैदानाच्या कठड्यावर ठरलेल्या जागी बसतात. सांगण्याआधी विचारणाऱ्याला एकदा खालीवर न्याहाळतात. "कुठल्या तालमीचं म्हणायचं तुम्ही?" माणूस परगावचा आहे अशी खात्री पटली, तरच तोंड उघडतात.

शंभरेक वर्षांपूर्वीची, संस्थानी काळातली गोष्ट आहे म्हणे. गावात दोन तालमी एकमेकींना पाण्यात पाहत. एक वरच्या अंगाची माळ तालीम, दुसरी नदीकाठची घाट तालीम. माळाचा गोलकीपर होता केरबा इंगवले. त्याची धाकटी बहीण हौसा दिली होती घाटाच्या ज्ञानू पोवारला, आणि हा ज्ञानू म्हणजे घाटाचा सेंटर फॉरवर्ड. सोयरीक झाली तेव्हाच माळाचे वस्ताद म्हणाले होते, "केरबा, पोरगी दिलीस ती दिलीस. गोल देऊ नगंस."

साखळीतली शेवटची मॅच या दोघांत आली. साखळीत पहिले येण्यासाठी माळाला नुसती बरोबरी पुरे होती, घाटाला जिंकणे भाग होते. आदल्या दिवशी हौसा माहेरी येऊन गेली. हातात झाकलेला डबा होता. त्यात आंबील होती की आणखी काही, याची चौकशी गल्लीने तेव्हा केली नाही, नंतर मात्र वर्षभर केली. कारण मॅच संपता संपता ज्ञानूने लांबून बॉल हाणला आणि तो केरबाच्या हातांना चाटून आत गेला.

"मेव्हण्याला गोल दिला," गाव म्हणाले.

गोल सोडला नाही, अशी शपथ घेऊन केरबाने भैरोबापुढे बेलभंडारा उचलला. लोक म्हणाले, भैरोबा दोन्ही तालमींचा, तो कशाला बोलतोय! वस्तादांनी विचारले, तेव्हा केरबा ताठ मानेने म्हणाला, "अडवन्यासारखा हुता वस्ताद. हातातनं निसटला." आता अडवण्यासारखा होता तर अडवला का नाही, असे लोक विचारणारच. पण केरबा इंगवलेला कुणी भारी पडला, हे शब्द त्याच्या जिभेवर येतच नव्हते. तालमीत तो शिरला की बोलणे थांबे. हॉटेलात त्याच्या बाकावर कुणी बसेना.

तिकडे ज्ञानूचीही गत बरी नव्हती. गोल त्याने मारला, पण घाटाची माणसे त्यालाच चिडवू लागली, की सासुरवाडीने भीक घातली. गडी चिडला आणि राग निघाला हौसावर. "गोल माझा का तुझ्या भावाचा, ते ठरूदे. तवर माहेरीच ऱ्हा," असे म्हणून त्याने तिला पोटुशी असताना माहेरी आणून सोडले.

पाचव्या दिवशी भाकरी वाढता वाढता तिने विचारले, "दादा, माज्यासाठी सोडलास काय रं?" गावाचा संशय केरबाने सोसला होता. बहिणीचा मात्र त्याला सोसवला नाही.

बाद फेरीच्या अंतिम सामन्याला पुन्हा माळ आणि घाटच समोरासमोर आले. केरबा मैदानाच्या मध्यावर गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पैली धा मिन्टं मी घाटाच्या गोलात हुबा ऱ्हातो. अडवला तर माळाचा गद्दार, सोडला तर घाटाचा. कसंबी मीच चोर. मग बघा मी काय करतो ते." घाटाने बराच खल करून, आपला गोलकीपर माळाच्या गोलात धाडून, एकदाची मान डोलावली.

आठव्या मिनिटाला माळाच्याच गड्याने कोपऱ्यात बॉल मारला. केरबाने अंग झोकून दिले. बॉल बाहेर गेला आणि हात खांबावर आपटला. मनगटाचा चुरा झाला. तो पुन्हा कधी गोलात उभा राहू शकला नाही, असे सांगतात.

तरी कठड्यावरून कुणीतरी म्हणालेच, "मुद्दाम आपटला असंल. उरल्या येळात माळाचा गोल राखाय नगं म्हणून." मॅच बरोबरीत सुटली. कप सहा-सहा महिने वाटून घेतला, तर आपल्या वाट्याला अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी आला म्हणून घाटाने कुरकुर केली.

संध्याकाळी ज्ञानू केरबाच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना, बसेना. हौसा चौकटीआड होती. केरबाचा हात फळीला बांधलेला होता. त्या हाताकडे पाहताना केरबाला उमगले, की दोन्ही हात मोडले असते तरी या गावाची खात्री पटली नसती. मान खाली घालून तो म्हणाला, "पाव्हणं, गोल तुमचाच. लई जोरात आला. मला न्हाई अडवता आला."

ज्ञानूने चौकटीकडे पाहिले. मग हौसाला म्हणाला, "बोचकं बांध."

पुढच्या वर्षी दुसऱ्याच गोलकीपरवर संशय आला. लोक म्हणाले, केरबासारखी परीक्षा दे. तो म्हणाला, एकट्यानेच का? मग सगळ्यांनाच लागू झाले.

आजही सोनटेकला गोलकीपर दहा मिनिटे जागा बदलतात आणि सारे गाव डोळ्यांत तेल घालून त्यांचे हात पाहते. केरबाच्या ज्या वाक्याने हौसा नांदायला गेली, ते म्हणायची प्रथा मात्र कुठल्याच तालमीने पाडली नाही.