नाव फोडणारी

एका राज्यात सकाळपासून भांडण चाललं होतं, आणि ऊन माथ्यावर आलं तरी ते मिटत नव्हतं. सिंहासनावर राजा दुर्गसेन, समोर फरशीवर मांडी घालून बसलेली म्हातारी भिवराबाई, आणि दोघांच्या मधे एक न फुटलेला नारळ.

“नाव सांग,” राजा म्हणाला.

“सांगत नाही.”

“राजाज्ञा आहे.”

“असेल. आज्ञा तुमची, जीभ माझी.”

“पाच वर्षं हीच जीभ विचारण्याआधी चालत होती. आजच काय झालं?”

“पाच वर्षं माझा पोरगा मैदानात नव्हता.”

तिनं लपवलं नाही. लपवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण खांबांपाशी उभ्या असलेल्या बायका ते ऐकून हसल्या, आणि ते हसू असं होतं की भालदारांनीही माना खाली घातल्या. त्या बायकांची मुलं आता कौलांवर बसत होती.

ते कसं झालं, तर असं झालं.

त्या राज्यात सहा विद्यामठ होते. मठांतले विद्यार्थी सकाळी शास्त्रं शिकत आणि दुपारी चेंडू खेळत. अकरा या बाजूला, अकरा त्या बाजूला. चेंडू कातड्याचा, तो पायानं मारत न्यायचा आणि समोरच्यांच्या वेशीतून पार करायचा. सुगी संपली की मठामठांचे सामने लागत. चेंडू शिवायचं काम भिवराबाईचं. झिजलेले चेंडूही दुरुस्तीला तिच्याकडेच येत. ते मांडीवर फिरवता फिरवता, कुणी न शिकवता, ती एक विद्या शिकली. कातडं कुठल्या अंगाला झिजलं यावरून तिला कळे की कुठल्या मठाचे गडी उजव्याच पायाचे आहेत. टाके कुठे ताणलेत यावरून कळे की कोण घाबरून मारतो आणि कोण बघून मारतो. मैदानाकडे पाठ करून बसली तरी चेंडूच्या आवाजावरून तिला कुणाचा दम संपला ते समजे, आणि खेळाडूच्या टाचेकडे एकदा बघितलं की उरलंसुरलं उमगे. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी लोक विचारत, “भिवराबाई, उद्या कोण?” ती सांगे. दहांतले नऊ अंदाज बरोबर येत.

दहावा चुकला. भर बाजारात लोक हसले. एक हळदवाला म्हणाला, “बाई, तुम्ही आपले टाके घाला. भाकितं राहू द्या.”

दुसरी कुणी असती तर तीही हसून मोकळी झाली असती. भिवराबाई त्याच पावली जुन्या बारवेत उतरली. बारवेच्या तळाशी काळकेश नावाचा मांत्रिक राहत असे. त्याला ती म्हणाली, “माझा शब्द कधी चुकू नये.” काळकेशानं तिला कातडं शिवायची सोन्याची आरी दिली. “हिनं चेंडू शिव. तू म्हणशील तेच होईल.”

तेच होऊ लागलं, आणि तिथंच सगळं वाकडं झालं. आधी तिचा तो अंदाज होता, आता तो हुकूम झाला. राजाला दुसऱ्या दिवसाची फार भीती वाटे. उद्याचं आजच कळतंय म्हटल्यावर त्यानं प्रथाच पाडली. आदल्या सूर्यास्ताला दरबारात नारळ फोडायचा, भिवराबाईनं नाव फोडायचं, ज्यांचं नाव निघालं त्यांचं निशाण तिथल्या तिथं चढवायचं. सामना मागाहून उरकून घ्यायचा. पण ज्यांचा खेळ खेळण्याआधीच संपला, त्यांना माणूस म्हणून उरायला जागा राहिली नाही. सामना संपला की हरलेले अकराजण होले पक्षी होऊन उडून जात. खेळायला नाही म्हणायची सोय नव्हती. जो मठ खेळणार नाही त्याचं दाणापाणी राजा बंद करी.

पाच वर्षांत एकवीस सामने झाले. दोनशे एकतीस होले राज्यभर कौलांवर बसून माणसांच्या आवाजात बोलू लागले. चार मठांना कुलपं लागली. भिवराबाईला हे दिसत नव्हतं असं नाही. पण राजा तिला शेजारी पाट देई, बाजारात लोक वाट सोडत, आणि ‘ती पोरं कच्चीच होती’ असं ती मनाला सांगे. आता डोंगरमठ आणि नदीमठ असे दोनच मठ उरले होते, आणि नदीमठाच्या अकरांत तिचा उतारवयात झालेला एकुलता मुलगा होता, हैबत.

“मग मुलाच्याच मठाचं नाव सांग,” राजा म्हणाला. “एवढं सोपं आहे.”

“आणि डोंगरमठाची अकरा पोरं?”

“आजवर कधी मोजली होतीस?”

भिवराबाईनं समोरचा नारळ बाजूला सरकवला. ती उठली. “तीन दिवस द्या.”

“सामना चौथ्या दिवशी आहे. धीर धरवेना म्हणून आजच विचारलं, पण तिसऱ्या सूर्यास्ताला मला नाव हवंच.”

भांडण तिथं थांबलं, मिटलं नाही.

राजवाड्याबाहेर एका दगडावर एक होला बसला होता. तो पूर्वी मार्तंड होता, डोंगरमठाच्या वेशीचा राखणदार.

“काय भिवरामावशी, कुठं निघालात? कुणाला पिसं फुटायची राहिलीत का?”

“तोंड सांभाळ.”

“तोंड कुठलं, चोच म्हणा.”

“बारवेत चाललेय. येतोस?”

“येतो. इथं मांजरं फार झालीत. आमच्यातले नऊ गेले, ठाऊक आहे? सहा मांजरांनी नेले, तीन गोफणीनं पडले.”

भिवराबाईला ठाऊक नव्हतं. बारवेपर्यंत ती वाटेतल्या प्रत्येक कौलाकडे बघत गेली.

बारवेच्या तळाशी काळकेश शेवाळ निवडत बसला होता. तिनं आरी पुढं केली. “ही परत घे.”

“आरी घेईन. पण तिचं बळ तुझ्या अंगात मुरलंय.”

“मी नाव सांगितलंच नाही तर?”

“जाणून गप्प बसलीस तर बावीसच्या बावीस उडतील.”

“खोटं सांगितलं तर?”

“तू सांगशील ते खोटं कसं होईल? तेच तर मागितलंस.”

“फसवलंस मला.”

“मागितलं ते दिलं. लोकांना तेच फसवल्यासारखं वाटतं.” काळकेशानं शेवाळ बाजूला ठेवलं. “एकच वाट आहे. तुझं जाणणंच मुळासकट जायला हवं, तरच आरीनं केलेलं उलटेल. हातातलं, कानातलं आणि डोळ्यांतलं. पण आरीनं दिलेलं तेवढं वेगळं काढता येणार नाही. तू स्वतः कमावलेलं, तेही त्याच्याबरोबर जाईल.”

भिवराबाई पायरीवर बसली. “आरी तुझी होती. विद्या माझी आहे. तीस वर्षं बोटं फोडून शिकलेय मी.”

“म्हणून तर तिला मोल आहे,” काळकेश म्हणाला.

पहिल्या दिवशी हाताचं काम होतं. पाच वर्षांतले एकवीस चेंडू सामना संपला की आपसूक बारवेत येऊन पडत, आणि ते काळकेशाकडे रचून ठेवलेले होते. ज्या आरीनं शिवले त्याच आरीनं ते उसवायचे होते. भिवराबाईनं पहिला टाका तोडला आणि तो टाका घालताना जे कळलं होतं ते बोटांतून निघून गेलं. दहाव्या चेंडूला बोटांतून रक्त आलं. विसाव्याला ती रडली, पण हात थांबला नाही. एकविसावा उसवून झाल्यावर तिनं कातड्याचा तुकडा उचलून फिरवून पाहिला. तो कुठल्या अंगाला झिजलाय ते तिला कळेना. ते नुसतं कातडं होतं. आरी तिनं काळकेशाच्या पुढ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी कानाचं काम होतं. उंबराखाली बसायचं, एकेक होला येऊन आपलं गाऱ्हाणं सांगेल ते ऐकायचं, आणि सूर्य मावळेपर्यंत उलट बोलायचं नाही. मार्तंड फांदीवर बसून एकेकाला पुढं सोडत होता.

एक म्हणाला, “त्या दिवशी माझा पाय चांगला चालला होता. पण निशाण आधीच चढलं होतं. कशासाठी पळायचं?”

एक म्हणाला, “माझी आई अजून माझं ताट वाढते. मी खिडकीत बसून बघतो. आत गेलो तर ती झाडू मारते.”

एक म्हणाला, “बाई, एक सांगू? तुमची शिवण वाकडी होती.”

भिवराबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

“दोन ठिकाणी,” होला म्हणाला. “अन् फुगवटाही एकीकडे.”

मार्तंड खुदकन हसला. भिवराबाईच्या कपाळावरची शीर उडत राहिली, पण ती बोलली नाही. शेवटी मार्तंड स्वतः खाली उतरला. “मावशी, तो शेवटचा चेंडू मी अडवणार होतो. डावीकडे झेप घ्यायची, हे मनात ठरलं होतं. पण तुम्ही आधीच सांगितलं होतं ना, की मी अडवणार नाही.” एवढं बोलून तो फांदीवर परतला. सूर्य मावळला. दूर मैदानात कुणीतरी चेंडू मारला. तिला आवाज ऐकू आला. त्यातून दुसरं काही ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी डोळ्यांचं काम होतं. काळकेश म्हणाला होता, “ज्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त कळावंसं वाटतं त्याच्याकडे बघ, आणि काही वाचू नकोस.”

हैबत नदीमठाच्या ओट्यावर पाय सोडून बसला होता. “आई, खरं सांग. आम्ही हरणार ना?”

ती खाली बसली आणि तिनं त्याचा पाय हातात घेतला. टाचेकडे पाहिलं. तो उद्या कुठं घसरणार ते तिला दिसलं. तिनं डोळे मिटून उघडले. कुणाच्या धक्क्यानं पडणार तेही दिसलं. पुढचं बघावं असं फार वाटलं, कारण पुढचं कळलं की बचाव सुचतो, असं तिला जन्मभर वाटत आलं होतं. तिनं पुन्हा डोळे मिटले, आणि या वेळी बराच वेळ मिटूनच ठेवले. उघडले तेव्हा समोर टाच होती. फुटलेली, धुळीनं भरलेली, तिच्या पोराची टाच.

“अरे, केवढ्या भेगा या! तेल का लावत नाहीस?”

“आई, मी काय विचारतोय?”

“तेलाची बुधली आण आधी,” भिवराबाई म्हणाली.

सूर्य कलला तशी ती दरबारात आली. दोन्ही निशाणं खाली पडलेली होती. बावीस पोरं भिंतीला लागून उभी होती, त्यांच्यामागे त्यांच्या आया. खिडकीत मार्तंड बसला होता. राजानं नारळ हातात घेतला.

“नाव.”

“महाराज, ही प्रथा मोडा.”

“नाव सांग. मला रात्र काढायची आहे.”

“रात्र सगळेच काढतात.”

“या पाटावर मी तुला बसवलं!” राजाचा आवाज चिरकला. “पाटावरून उठलीस तर तू कोण? एक चेंडू शिवणारी. आणि म्हणे आता तेही येत नाही तुला.”

“नाही येत.”

“मग उरलं काय तुझ्याजवळ? लोक हसतील. पुन्हा हसतील. चालेल तुला?”

भिवराबाईचा चेहरा तांबडा झाला. राजानं बरोबर जागा धरली होती. तेवढ्यात मार्तंडाची आई गर्दीतून पुढं आली. “अगं बये, सांगून टाक काहीतरी! तुझ्याच पोराचं सांग हवं तर. गप्प राहिलीस तर दोन्हीकडची जातील!”

सूर्याची कड डोंगराला टेकली. हैबत आईकडे बघत होता. भिवराबाई पाटाला पाय लावून, तो बाजूला सारून उभी राहिली, आणि एक वाक्य बोलली.

त्या वाक्यानं काय झालं ते आधी ऐकावं, कारण त्याच्यानंतर त्या भांडणात बोलण्यासारखं काही उरलं नाही. राजाच्या हातातला नारळ आपसूक तडकला आणि आतून काळं पाणी सांडलं. बारवेत सोन्याच्या आरीचा गंज झाला. कौलांवरून माणसं धपाधप खाली पडली, अंगणांत, गोठ्यांत, उकिरड्यांवर. मार्तंड खिडकीतून दरबारात उघडाच कोसळला आणि त्याच्या आईनं अंगावरचा पदर त्याच्यावर टाकला. दोनशे बावीस परत आले. नऊ आले नाहीत. त्या नऊजणांच्या आया अंधार पडेपर्यंत कौलांकडे बघत उभ्या होत्या, आणि त्यांच्या दारावरून जाताना भिवराबाईनं पुढं कधी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. शेवटच्या घटकेपर्यंत कुणाला काही कळत नव्हतं, आणि राजा भीतीनं उपरण्याचं टोक चावत बसला होता. नदीमठ हरला. हैबत घरी आला, त्यानं तांब्या लाथेनं उडवला, “तो चेंडू वेशीतून गेलाच नव्हता!” म्हणून रात्रभर आईचं डोकं खाल्लं, आणि सकाळी माणूस म्हणूनच उठून भाकरी मागितली. चार मठांची कुलपं निघाली. भिवराबाईचे टाके मात्र मरेपर्यंत वाकडे पडत राहिले, आणि हळदवाला हसायचा तो हसतच राहिला.

त्या संध्याकाळी, सूर्य अर्धा बुडालेला असताना, सगळ्या राज्यासमोर ती बोलली ते वाक्य असं होतं:

“महाराज, उद्या कोण जिंकेल ते मला माहीत नाही; ज्याला माहीत करून घ्यायचं असेल त्यानं उद्या मैदानावर येऊन उभं राहावं.”