मुठीवरचं कुंकू

निमगावच्या विहिरीवरचा रहाट मोडला, आणि तोही नेमका महाराजांच्या हातात!

सांबरगडचे राजे जयवंतराव गावपाहणीला गेले होते. बैल कशाला, आम्हीच फिरवतो, असं म्हणून त्यांनी रहाटाचा दांडा रेटला. कडाडकन खुंटी तुटली आणि महाराज चिखलात बसले. गावकऱ्यांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलायचे राहिले नाहीत. ते हलणारे खांदे महाराजांनी बरोबर पाहिले.

गडावर परतताच त्यांनी हुन्नरखात्याचे प्रमुख नरहरपंत यांना बोलावलं. राज्यात कुठली यंत्रं घडवायची, कुठली बाहेरून आणायची, कुठल्या गावाला काय द्यायचं, हे ठरवणं या खात्याचं काम. पंतांनी त्याची बारा वर्षांची योजना लिहून ठेवली होती. गुंडाळी उलगडली की ती कचेरीच्या दाराबाहेर जायची, आणि शेवटपर्यंत वाचलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

"पंत," महाराज म्हणाले, "आठ दिवसांत आमच्या राज्यातलं असं एक यंत्र दाखवा, जे कधीच मोडत नाही. नाहीतर खात्याला कुलूप!"

खात्यात चाळीस कारागीर होते. चाळीस चुली विझायची वेळ आली.

पंतांनी डोकं खाजवून खाजवून शेवटी दगडी पाटा-वरवंटा दरबारात नेला. दगडाला काय होतंय, असा त्यांचा हिशेब. महाराजांनी मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याला विचारलं. दगड झिजून गुळगुळीत होतो, दरसाल टाकी लावून घेतल्याशिवाय त्यावर साधी चटणी वाटली जात नाही, असं तो बापडा खरं बोलून गेला. पाटा परत आला. सातव्या दिवशी कारागिरांनी आपापली हत्यारं बांधायला काढली.

खात्याच्या भट्टीवर येसू नावाची लोहाराची पोर होती. बापाची, बहिरूची, नजर अधू झाल्यापासून घण तीच मारायची. हात जड आणि जीभ धारदार. भट्टी विझली तर अधू नजरेच्या बापाला घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न तिच्याहीपुढं होता. पण रडत बसणं तिला कधी जमलंच नाही. ती तडक पंतांकडे गेली. यंत्र आपल्याच वखारीत आहे, उद्या खंडेनवमी आहे, महाराजांना पूजेला इथंच बोलवा, एवढंच तिनं सांगितलं. कुठलं यंत्र, ते काही केल्या सांगेना. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून पंतांनी निरोप धाडला.

खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडली होती. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, अक्षता, सगळं यथासांग. महाराज आले तेव्हा येसूनं त्यांना वखारीच्या पार शेवटच्या कोपऱ्यात नेलं आणि एका उंच वस्तूवरचं मखमली आच्छादन ओढलं. आत पाणी उपसायचं पितळी यंत्र होतं. पाच वर्षांपूर्वी एका परदेशी सौदागराकडून ते खुद्द महाराजांनी पसंत करून घेतलं होतं.

महाराजांनी मिशीवर हात फिरवला. "बघा पंत, याला म्हणतात पारख! पण काय गं पोरी, हे मोडलं नाही याला पुरावा काय?"

"मुठीवर बघा, महाराज. पाच खंडेनवम्यांचं कुंकू हाय. एकावर एक, पापुद्रा धरलाय. रहाटाच्या दांड्यावरचं कुंकू दुसऱ्या दिशी दुपारपतूर ऱ्हात न्हाई. हिला माणसाचा हातच लागला न्हाई, मग मोडंल कशी?"

पंतांनी डोळे मिटून घेतले.

महाराजांचा चेहरा लाल झाला. "मग असल्या यंत्राचा उपयोग काय?"

"तुम्ही न मोडणारं मागितलं, महाराज. पाणी काढणारं कुठं मागितलं व्हतं?"

येसूनं कनवटीची बाभळीची मोडकी खुंटी काढून त्यांच्यापुढं धरली. निमगावच्या रहाटाचीच होती ती, तिनं मुद्दाम मागवून घेतलेली. जोर जास्त झाला की आधी हिनं मोडायचं, म्हणून ती मुद्दाम कच्ची ठेवतात, असं तिनं सांगितलं. त्या दिवशी हिनं मान टाकली म्हणून चाकाचे दात वाचले. बैल पाणी पिऊन होईस्तोवर गावकरी दुसरी तासून बसवतात.

महाराजांनी खुंटी निरखून पाहिली. मग इरेला पेटून त्यांनी अस्तन्या सावरल्या आणि पितळी यंत्राची मूठ धरली.

"महाराज, नको!" पंत पुढं धावले. "आज यंत्रांना सुट्टी. हात लावायचा नसतो!"

"सुट्टी काम करणाऱ्याला, पंत," येसू म्हणाली. "यानं पाच वर्सांत केलंय काय?"

महाराजांनी मूठ फिरवली. यंत्र कुरकुरलं, कण्हलं, आणि मूठ तुटून महाराजांच्या हातात आली! न मोडणारं एकुलतं एक यंत्रही गेलं.

"मोडलं की गं हे!" महाराज म्हणाले.

"मोडलं न्हाई, महाराज. आज कुठं खात्यात रुजू झालं."

महाराज असे हसले की मूठ हातातून गळून पडली. कारागीरही हसले, आणि या वेळी कुणी माना खाली घातल्या नाहीत. हसू ओसरल्यावर महाराजांनी पंतांच्या कमरेचा खात्याचा शिक्का मागून घेतला आणि येसूच्या हातावर ठेवला, खांद्यावर स्वतःचा शेला घातला. लिहायला मात्र पंतच हवेत, माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, असं तिनं सांगितलं, तेव्हा पंतांच्या जिवात जीव आला.

त्याच दुपारी पंतांनी खात्याची नवी योजना लिहून घेतली. ती एका ओळीत मावली: पुढल्या खंडेनवमीला ज्या मुठीवर मागच्या वर्षीचं कुंकू सापडेल, ते यंत्र वखारीत ठेवू नये, गरज असेल त्या गावाला द्यावं.