बंदुकीचं रिकामं पोट

“रिकामी आहे म्हणते ना मी! आत काय डोकावतेस सारखी?” जुनी बंदूक दारू ठासायच्या काठीवर खेकसली.

बंदुकांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. ओलसर नळी शेकायला मानाजी कारागीर निखारे फुंकत बसला होता.

“रिकामी म्हणवणाऱ्यांचाच मला संशय येतो,” काठी म्हणाली. “दसऱ्याला तुझा नुसता धूर निघाला. आत बार राहिला असला, तर मानाजीचा जीव जाईल.”

“अगं, उडाला तो! अख्ख्या गावानं ऐकला. तू मेली जळकुटी!”

काठीनं सरळ नळीत उडी घेतली. रिकाम्या नळीत ती शेंड्यापर्यंत बुडायची, हे बंदुकीलाही ठाऊक होतं. तळाला पोचण्याआधीच अडून काठी म्हणाली, “मग आज मी चार बोटं वर कशी गं उरले, भवाने?”