राणीच्या खोलीतून गेलेली वाट

एका राज्यात डोंगरालाही मत होतं, फक्त ते विचारावं लागे. तिथल्या पठारावरच्या लोकांचा नेम असा, की घर बांधायचं तर आधी एक फुलोरा, म्हणजे फुलांचा एक अख्खा हंगाम, पायी हिंडायचं. कुठली वाट कुणाची, कुठे काय उगवतं, ते पाहायचं आणि मगच पाया खणायचा. राजा धरणीसेन त्या पठारावर नवखा. त्याने ज्योतिष्यांना मुहूर्त विचारला, पाथरवटांना दगड विचारला. जागेला तेवढं विचारायचं राहिलं. "आधी राहू, मग हिंडू," असं तो राणी कनकलेखेला म्हणाला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सात महिन्यांत महाल उभा राहिला.

वास्तुशांतीनंतर आठव्या दिवशी राजा रानफुलं पाहायला एकटाच बाहेर पडला, तो घरी आलाच नाही. दिसायचा मात्र रोज. सकाळी पूर्वेच्या सज्ज्याखालून जाई, संध्याकाळी पश्चिमेच्या. महालाला वळसे घालत नुसता चालत राही. राणीने हाक मारली की वर बघून म्हणे, "आलोच." आणि पुढे जाई. पंधराव्या दिवशी त्याचे पाय घोट्यापर्यंत मातीचे झाले. विसाव्या दिवशी गुडघ्यापर्यंत, आणि त्यांवर गवत उगवलं.

सज्ज्याच्या कठड्यावर एक भारद्वाज येऊन बसे. त्याने राणीला सांगितलं, की फुलं सुकतील त्या दिवशी राजा उरणार नाही, नुसती पायवाट उरेल. माझं दर्शन शुभ म्हणून लोक हात जोडतात आणि चालू लागतात, विचारत कुणी काही नाही, अशी तक्रारही त्याने केली. राणीने विचारलं. मग तो तिला डोंगरातल्या जोगिणीकडे घेऊन गेला.

जोगीण चूल फुंकत होती. शाप आपलाच आहे हे तिने लपवलं नाही.

"रागाने नाही दिला. नेम आहे. वाट जो अडवतो, त्याला ती घरी पोचू देत नाही."

"उपाय सांगा, माई."

"तुझ्या दारापासून तीन वाटा निघतात. पिवळीवरून सोनकीचे पराग आण, फुलाला हात न लावता. गुलाबीवरून तेरड्याचं बी आण, बोंडाला बोट न लावता. निळीवर कारवी फुललीय. तिथलं शेवटचं फूल नुसतं पाहायचं."

राणी आजवर पालखीतून हिंडलेली. कुठलं फूल कुठलं हेही तिला भारद्वाजाने दाखवलं. सोनकीत ती आधी खूप धावली, तशा मधमाश्या उडाल्या. दमून बसली, तेव्हा त्याच माश्या तिच्या बाहीवर येऊन बसल्या आणि पिवळे पराग ठेवून गेल्या. तेरड्याचं बोंड शिवलं की फुटतं. तिने झाडाखाली पदर पसरला आणि वाऱ्याची वाट पाहिली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी वारा आला आणि पदरात बी पडलं.

कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि ते वर्ष हेच होतं. निळी वाट ओढा ओलांडून, कड्याला वळसा घालून पुन्हा वर चढली आणि महालाच्या भिंतीला येऊन थांबली. ती भिंत राणीच्याच खोलीची होती.

"शेवटचं फूल आत आहे," भारद्वाज म्हणाला. "फरशीखाली."

माहेरी कनकलेखा सहा बहिणींत निजली होती, सासरी जुन्या महालात सासवांच्या दालनात. तिची स्वतःची अशी ही पहिलीच खोली. तिला रडू आलं आणि ती रडली. मग तिने स्थपतीला बोलावून भिंत पाडायला सांगितलं.

नव्या घराची भिंत वर्षाच्या आत पाडणं अशुभ, असं स्थपती म्हणाला. तेवढ्यात राजा कोपऱ्यावरून गेला. तो छातीपर्यंत माती झाला होता. खालच्या उतारावर फुलं सुकू लागली होती.

"याहून अशुभ काय, ते सांगा," राणी म्हणाली.

राणीने पहार उचलून पहिला घाव घातला. गवंड्यांनी उरलेली भिंत पाडली, फरशी उखडली. खाली वाकलेली एक कारवी होती आणि तिला एकच पांढरी कळी होती. राणीने पराग आणि बी तिच्या मुळाशी ठेवलं. ऊन पडलं तशी कळी निळी होऊन उमलली. राजा कोपऱ्यावर आला, पण वळला नाही. सरळ आत आला. अंगावरची माती गळून पडली आणि तो दगडमातीच्या ढिगावर मटकन बसला.

"ही तुमची खोली होती," तो म्हणाला.

"होती," राणी म्हणाली.

वाट खोलीत संपत नसते, म्हणून समोरची भिंतही पाडावी लागली. ती राजाने स्वतः पाडली. पुढे त्या राज्यात फुलोरा हिंडल्याशिवाय कुणी पाया खणला नाही, राजाच्या सोयऱ्यांनीही नाही. राणीला दुसरं दालन देऊ केलं होतं, पण ती गेली नाही. वाटेच्या कडेलाच तिने पलंग टाकला. सकाळी मेंढ्या त्या खोलीतून चरायला निघतात, तेव्हा ती पाय वर घेते.