काबऱ्याचे दात

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माळावर लांडगे होते आणि जनावरं माणसांशी बोलत असत. माणसं ऐकत नसत, ते मात्र तेव्हापासूनच.

त्या माळावर एक मेंढपाळ बायकोसोबत राहत होता. पोटी मूल नव्हतं. त्याच्या राखणीच्या कुत्रीला एकच पिल्लू झालं, काबऱ्या रंगाचं. मेंढपाळानं त्याला काबऱ्या म्हणायला सुरुवात केली आणि त्याच्या कौतुकाला पारावार राहिला नाही.

पिल्लू पिताना चावलं की कुत्री गुरगुरून उठून जायची. तरी ऐकलं नाही, तर त्याचं तोंड जबड्यानं हलकेच जमिनीशी दाबून धरायची. पिल्लू कुईकुई करायचं आणि मेंढपाळाला ते ऐकवायचं नाही. एके दिवशी त्यानं कुत्रीच्या पाठीत काठी घातली आणि पिल्लू उचलून आपल्या घोंगडीत घेतलं.

कुत्री कळवळून म्हणाली, "मालक, मी त्याला मारत नव्हते. दात आवरायला शिकवत होते. आता ते तुम्ही शिकवा."

मेंढपाळानं काय शिकवलं? काबऱ्या बोटं चावायचा आणि हा हसून म्हणायचा, "शाब्बास रे वाघा!"

बायको म्हणाली, "आवं, चावला की हात काढून घ्या अन् पाठ फिरवा. खेळ थांबला की त्याला आपसूक कळंल. उद्या कोकराला दात लागला तर? रीत ठावं हाय न्हवं?"

रीत साऱ्या माळाला ठाऊक होती. कोकराचा जीव घेणारं कुत्रं जिवंत ठेवायचं नाही. आणि ते मारायचं त्याच्या धन्यानंच, कारण दुसऱ्या कुणावर त्याचा एवढा विश्वास नसतो.

"लेकरू हाय गं. दात शिवशिवत्यात त्याचे," मेंढपाळ म्हणाला. "अन् मेंढपाळाचं कुत्रं मुळमुळीत निघालं, तर लांडगं हसत्याल!"

काबऱ्या वाढला. त्यानं बायकोच्या मनगटाचं रक्त काढलं, तेव्हा मेंढपाळ तिच्यावरच खेकसला, "तू कशाला मधी हात घातलास?" आपल्या लाडक्याचं कधी चुकत नाही, चुकतो तो आड आलेल्याचा हात.

मग मेंढ्या व्यायल्या. काबऱ्या एका कोकराशी खेळायला गेला. कोकरू पळालं, त्यानं ते मानेशी धरलं, अगदी रोज बोटं धरायचा तसंच. कोकराची हालचाल थांबली. काबऱ्यानं ते ओढत आणून मेंढपाळाच्या पायांशी ठेवलं आणि शेपूट हलवत शाबासकीची वाट पाहत उभा राहिला.

आसपासचे मेंढपाळ जमले. मेंढपाळानं सगळ्यांचे पाय धरले. "बांधून ठिवतो. पुन्यांदा व्हायचं न्हाई."

त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "पुढल्या खेपेला कोकरू नसंल बाबा, कुणाचं तरी पोर असंल. ऊठ."

मेंढपाळ काबऱ्याला घेऊन ओढ्याकडे निघाला. दोर लावावा लागला नाही. फिरायला निघाल्यासारखा तो आनंदानं पुढं पुढं धावत होता. ओढ्यात पोचल्यावर मेंढपाळानं काठी दोन्ही हातांत धरली, तेव्हा मात्र तो थबकला.

"मालक," काबऱ्या म्हणाला, "मी चावलो की तुम्ही हसायचात. मग आज काय चुकलं?"

काबऱ्या पळाला नाही, उत्तराची वाट पाहत राहिला. मेंढपाळानं काठी उचलली.

परत येऊन तो आपल्या राहुटीपुढं बसला आणि ढसाढसा रडला. बायकोनं त्याला उगी म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "त्याला बोल लावू नगा. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

तात्पर्य : ज्याला लहानपणी मायेनं आवरलं नाही, त्याला मोठेपणी जग दयामाया न दाखवता आवरतं.