हळवा कर्णा

एका गावात एक भोळा स्पीकरवाला होता, गेनू. भोळा म्हणायचं ते आपलं लोकलाजेस्तव. त्याचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. अखेर शेजारगावच्या बाजीतात्यांनी आपली शेवंता द्यायचं कबूल केलं. अट एकच, साखरपुड्यात गेनूचं मशीन साऱ्या गावाला ऐकू गेलं पाहिजे.

आवाज मोठा करायचं ते मशीन मामानं दिलेलं, जुनं, काचेच्या व्हॉल्व्हचं. गोड वाजायचं, पण ताकद बेताची. गेनूनं त्याला कपाटाएवढा स्पीकर जोडला. आत डास गुणगुणावा तसा आवाज आला. गेनू रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रज्जाक मिस्त्रींकडे गेला.

मिस्त्री म्हणाले, "मशीन अशक्त आहे रे. एवढा जड स्पीकर त्याला ओढवत नाही."

गेनूनं घरी येऊन स्पीकरला बैल जुंपले. बैल निघाले, स्पीकर निघाला, वायर ताणून मागोमाग मशीनही फरफटत निघालं. व्हॉल्व्ह फुटले नाहीत, ही मामाची पुण्याई.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. अशक्त मशीनला हळवा स्पीकर लागतो, त्यांनी समजावलं, जरासं काही पोचलं की मोठ्यानं बोलणारा. गेनू तालुक्याच्या दुकानात गेला आणि एकेका कर्ण्याला आपल्या बापाच्या मरणाची हकिगत सांगू लागला. एकही कर्णा रडला नाही. दुकानदाराच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. गेनूनं त्यालाच विचारलं, "साखरपुड्याला वाजायला याल का? वायर माझी."

शेवटी मिस्त्रींनीच कर्णा निवडून दिला. "यावर आठ ओहम लिहिलंय, मशीनवरही आठ. आकडा जुळला की जोडी जमली. आता डोकं चालवू नकोस." हे गेनूला जमण्यासारखं होतं.

साखरपुड्याला कर्णा असा खणखणीत वाजला की तात्या खूश. गुरुजींनी पत्रिकेतले गुण उत्तम जुळल्याचं सांगितलं. शेवंताची आई पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊ लागली. तात्यांनी कौतुकानं जावयाच्या हाती माइक दिला.

गेनू म्हणाला, "गुणांचं राहू द्या. शेवंताचे ओहम कुणी बघितले का? मी अशक्त माणूस. पोरगी धडधाकट, मला ओढवायची नाही. तिची आई मात्र हळवी आहे. जरासं काही झालं की मोठ्यानं वाजते. तात्या, मला तीच द्या."

साऱ्या गावानं शब्दन् शब्द ऐकला. तात्या पायातली चप्पल काढत ओरडले, "आधी तोंड बंद कर!"

गेनू आज्ञाधारक. त्यानं डोक्यावरचा फेटा सोडून कर्ण्याच्या तोंडात घट्ट कोंबला, तात्यांपुढे येऊन अदबीनं उभा राहिला आणि विचारलं, "केलं. मग त्यांना कधी पाठवताय?"