तान्हूबाईचे तीन भोपळे

बसा नीट मांडी घालून. आणि मधे मधे 'खरंच का?' असं विचारू नका, मी काही तिथं नव्हते. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या पिंपळदऱ्याला तेव्हा पूल नव्हता, नदी ओलांडायला एक नाव तेवढी होती.

या गावात तान्हूबाई राहायची. एका पुरात तिचा नवरा वाहून गेला, आणि तिच्या मनात पाण्याची भीती बसली. भीती तरी केवढी! विहिरीवर गेली की ही काठापासून चार पावलं लांब, आणि घागर दुसरीच कुणी भरून द्यायची. देवऋषी झाले, ताईत झाला, अंगारे झाले. भीती काही हलेना. एकुलती एक लेक हौसा, नदीपल्याड दिलेली. तीन वर्षं झाली, पण माउलीनं लेकीचं घर बघितलं नव्हतं. नावेत पाय ठेवायचा म्हटलं की ही काठावरूनच माघारी फिरायची.

मग हौसाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण वैदूनं बजावलं, पोरीला जागची हलवू नका. हौसानं निरोप धाडला, "आई, तूच ये. तू नसलीस तर मी काही यातनं उठत नाही." निरोप ऐकून तान्हूबाई ढसाढसा रडली.

गावात शिदूबा नावाचा म्हातारा विहिरीत पोहायला शिकवायचा. बुडू नये म्हणून शिकणाऱ्याच्या पाठीला तीन वाळके भोपळे बांधायचा, आणि अंगात जोर येईल तसा एकेक सोडवायचा. तान्हूबाई त्याच्याकडे गेली. म्हणाली, "बाबा, माझी भीती तेवढी घालवा, मग मी उतरते पाण्यात."

शिदूबा खेकसला, "अगं, भीती जायची वाट बघत बसलीस तर नातवंडाचं लगीन होईल! आधी हातपाय चालव. मन येतंय मागनं."

गाव हसलं. चाळिशीची बाई कासोटा घालून विहिरीत! हसेनात का. पहिले आठ दिवस ती पायरीवर पाण्यात पाय सोडून नुसती बसून राहिली. नवव्या दिवशी उतरली. मग रोज सकाळी विहिरीला दहा फेऱ्या, मग वीस, मग पन्नास. दंड भरले, दम वाढला. आणि गंमत बघा, जिला कधी धड झोप नव्हती, पाठ टेकली की तिचा डोळा लागायला लागला. एक दिवस ती काठावर वाकून आपली घागर आपणच भरून घरी आली. अर्ध्या वाटेत तिच्या ध्यानात आलं, अगं बाई, हे मी केलं!

पहिला भोपळा सुटला, दुसरा सुटला. तिसरा पाठीवर होता तोच नदीला पूर आला, आणि पल्याडून हाकारा आला, हौसाच्या पोटात दुखायला लागलंय.

नावाडी हात जोडून म्हणाला, "मावशी, आज नाव घालणं म्हणजे मरण."

तान्हूबाईनं उरलेला भोपळा पाठीला बांधला, कासोटा आवळला आणि उडी घेतली. मधोमध वाहत्या ओंडक्यावर आपटून भोपळा फुटला. काठावरच्या बायकांनी डोळे मिटले. पुढचं कुणीच बघितलं नाही, म्हणून सगळेच सांगतात. असं म्हणतात, की नदी दुभंगली. असं म्हणतात, की मगरीनं तिला पाठीवर घेतलं. मला विचाराल तर नदी कशाला दुभंगेल? तिला काय पडलंय? पाच महिने कमावलेले हात होते ना बाईचे!

ती पोचली. ओल्या लुगड्यानं लेकीच्या उशाशी बसली, आणि नात तिच्याच हातात आली. असं म्हणतात, की पोर रडण्याआधी हातपाय मारायला लागली.

हौसानं विचारलं, "आई, तुझी भीती गं कुठं गेली?"

"जाते कुठं! आली की माझ्याबरोबर इथवर. पण माझे हात चालू होते."

आता पूल झालाय. तरी पिंपळदऱ्याची लेक सासरी जाण्याआधी तान्हूबाईच्या नावानं विहीर पोहतेच. तिसऱ्या भोपळ्याची गाठ तिची तिनं सोडायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. वर काठावर तिची आई उभी असते. तीही भ्यालेलीच असते. पण 'भिऊ नको' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. ती ओरडते, "भी, बाई, खुशाल भी. पण हात चालव!"